तांदळाएवढं यंत्र

"काकू, जरा भराभरा चाला. हृदय जोरात हलल्याशिवाय यंत्र नीट बसलंय का, ते कसं कळायचं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. महिन्यापूर्वी ऑपरेशन करताना त्यांनी हौसाक्कांच्या हृदयावर तांदळाएवढं यंत्र बसवलं होतं. हृदय हललं की पडद्यावरची रेघ हलायची.

"गुडघे कुठं चालू देतात, बाई?" हौसाक्का खुर्चीतूनच म्हणाल्या. रेघ आपली संथ.

शेजारी त्यांचे यजमान रंगराव बसले होते. ही आपल्यासाठी भरल्या कृष्णेतून पोहत आली, अशी थाप त्यांनी साऱ्या गावाला मारली होती. खरं तर लग्न मामानं ठरवलेलं. आपण हिला आवडलो का, हे विचारायचं धाडस काही त्यांना जन्मात झालं नव्हतं.

"आत्याबाई, मग उखाणा घ्या," सून म्हणाली. "मामंजींचं नाव घेताना अजून लाजता की!"

हौसाक्कांनी पदर सावरला. "तांदळाएवढं यंत्र डॉक्टरांनी काळजावर बसवलं..."

आता 'फसवलं' येणार, म्हणून रंगरावांनी मान खाली घातली.

"...रंगरावांनी जन्मभर थापा मारून मला हसवलं!"

रेघेनं अशी उसळी घेतली, की पडदा फोडून ती छताला लागतेय म्हणून डॉक्टरीणबाई दोन पावलं मागं सरल्या.

गावी परतल्यावर रंगरावांनी आयुष्यात पहिल्यांदाच घडलं तसं सांगितलं. ओसरीवर जमलेल्यांत एकाचाही विश्वास बसेना.

"काकू, तुम्हीच सांगा. खरं का हे?"

"त्यांचं काय ऐकता!" म्हणत हौसाक्कांनी तोंडाला पदर लावला.