नाकवाले आप्पा

"धुरपदाबाई नाही का घरी?" मंगलाबाईनं विचारलं आणि सुपडू उगाच खांद्यावरचं उपरणं झटकू लागला.

धुरपदाबाई त्याची बायको. नंदुरबारला तिचा चुलता वारला म्हणून ती पहाटेच्या गाडीनं गेली होती. मंगलाबाई सुरतेजवळच्या कडोदऱ्याची. हजीऱ्याच्या एका कंपनीच्या कॅन्टीनला ती रोज काढा पुरवायची, आणि त्यासाठी तिला लवंगी तुळशीची चाळीस रोपं हवी होती. तीही आजच. रिक्षा खाली उभी करूनच ती जिना चढून आली होती.

सुरतेच्या लिंबायत भागातल्या सुपडूच्या गच्चीवर दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत शंभरेक रोपं उभी होती. लवंगी तुळशीची एक खोड आहे. बी एकाच झाडाचं पेरलं तरी रोपं एकसारखी निघत नाहीत. पान तेच, देठ तोच. पण एकाच्या पानाला लवंगेचा घमघमाट, तर शेजारच्याला ओव्याचा, नाहीतर कसलाच नाही. डोळ्यांना फरक कळत नाही. पान चोळायचं, नाकाशी न्यायचं, मग रोप ठेवायचं की उपटायचं ते ठरवायचं.

या कामात सुपडूचं नाव होतं. तीस वर्षं लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात काढली, तेव्हा मोटर जळायच्या आधीच त्याला वास लागायचा. शेठसुद्धा त्याला मान द्यायचा. गल्ली अजून त्याला 'नाकवाले आप्पा' म्हणायची. काम सुटल्यावर तेवढीच काय ती इज्जत त्याच्यापाशी उरली होती.

दोन वर्षांपूर्वी तापात ते नाक गेलं. ही गोष्ट फक्त धुरपदाबाईला ठाऊक. ती गुपचूप रोपं निवडून बाजूला ठेवायची, आणि गिऱ्हाईक आलं की सुपडू त्यातल्याच एखाद्याचं पान चोळून ऐटीत डोळे मिटायचा. या खेपेला मात्र निवड राहून गेली होती. बायकोला फोन करावा, तर फोनवर वास थोडाच जातो!

"दोन दिवसांनी या ना ताई," तो म्हणाला.

"नही आप्पा." दोघंही खानदेशची, म्हणून ती अहिराणीवर आली. "मागला खेपले एकनी भलतीच रोपं गळामा मारी. काढा पिसन लोकेसनी तोंडं वाकडी करी. आते पुन्हा तसं झायं ते मनं काम गयं."

"मंग तुम्हीच वास लिसन निवडा," सुपडूनं पळवाट काढली.

"पहिले तुम्ही. तुमनं नाक काय सांगस ते पाहू दे. मंग मी लिसू."

आता माघार घेणं म्हणजे आपल्याच हातानं अब्रू घालवणं. सुपडूनं देवाचं नाव घेतलं, पहिलं पान चोळलं, डोळे मिटले आणि मान डोलावली. मंगलाबाईनं तेच पान त्याच्या हातातून घेतलं, हुंगलं आणि म्हणाली, "खरी लवंगी!"

दुसऱ्या पानालाही त्यानं मान डोलावली. सगळीच चांगली म्हटली तर तिला संशय येईल, म्हणून तिसऱ्याला त्यानं तोंड वाकडं केलं. मंगलाबाईनं हुंगून नाक मुरडलं. "छे, हाई नही."

सुपडू चकित झाला. अंदाजानं सोडलेलं बरोबर निघालं होतं. तो पुढं सरकला. इथं मान, तिथं नकार, मनाला येईल तसं. मंगलाबाई प्रत्येक पान त्याच्यामागून हुंगत होती. घेतलेली रोपं टोपलीत, नाकारलेली भिंतीकडे.

मध्येच खालून कचऱ्याची गाडी गेली. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या रंजनानं तोंड फिरवून नाकाला पदर लावला. सुपडूनं लगेच उपरणं नाकावर धरलं. दोन वर्षांत लोकांकडे बघून वागायची त्याला सवय झाली होती. मंगलाबाईनंही पदर नाकाशी नेला आणि त्यानं उपरणं काढल्यावर खाली सोडला.

"लवकर आटपू आप्पा," ती म्हणाली, "रिक्षावाला बोंबलस."

चाळीस रोपं भरली तोवर दोघांचं मत एकदाही वेगळं पडलं नव्हतं. नाक परत आलं की काय, म्हणून त्यानं तिची पाठ वळताच एक पान चुरगाळून जोरात हुंगलं. काहीच नाही. मग देवानंच हात धरला असणार, असं त्यानं ठरवून टाकलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचा ऊर भरून आला.

टोपल्या रिक्षात चढल्या. मंगलाबाई निघताना वाकून त्याच्या पाया पडली.

"आख्खा सुरतमा असं नाक नही, आप्पा. तुमना जीववर आज मी निर्धास्त झोपसू."

ते वाक्य सुपडूला लागलं. ही बाई आपल्या जिवावर झोपणार, आणि आपण तिच्याशी खोटं वागलो! लाज वाटली. पण खरं सांगायला आता अडचण तरी कुठं होती? एकूण एक पान तिनं स्वतः पारखलं होतं. तिचं नुकसान तर झालं नव्हतं. आणि हे ओझं वाहून तोही थकला होता.

"ताई, एक सांगू? राग मानू नका," तो हसत म्हणाला. "दोन वरीस झायात, माले कशानाच वास येस नही. ते नाक तापमा गयं. आज नुसता अंदाज मारत व्हतू. तुमनं नाक पक्कं, म्हणीसन निभी गयं."

मंगलाबाईचा एक पाय रिक्षात होता. तो तिथंच राहिला. तिनं टोपल्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"म्हणजे... तुमलेबी येस नही, आप्पा?"