कोंडलेला धूर

सहदेवने गवत कापायचा कटर गजाच्या ओट्यावर ठेवला, पण तो जायला वळला नाही. तिथंच उकिडवा बसला.

"ठेवून जा," गजा म्हणाला. "उद्या सकाळी ने."

"उद्या घेऊन काय करू, गजाभाऊ? आज संध्याकाळी गणपती निघतील. नदीवरची वाट निम्मीच कापून झालीय. बाकीच्या वाटेवर गवत कमरेएवढं हाय. बायका-पोरं त्यातनं चालणार, एखादं साप-किरडू निघालं म्हंजे? आत्ताच करून द्या. मी बसतो."

खुर्चीत बसलेल्या गजाने मांडीवरचा टॉवेल उजव्या हातावर नीट ओढून घेतला. लकव्यातून उठल्यावर त्याचा पाय सुधारला होता, हात नाही. पण हातही आला, असंच त्याने गावात सांगितलं होतं. रसायनीच्या कंपनीतला फिटर म्हणून त्याचं नाव होतं. लोक मशिनी आणून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी घेऊन जायचे. मागच्या पडवीत त्या उघडायची ती त्याची बायको, हिरू. तो शेजारी बसून सांगायचा, ती करायची. ही गोष्ट दोघांनी घराबाहेर जाऊ दिली नव्हती.

हिरू दारात उभी होती. ती घाईने म्हणाली, "ते आत्ताच गोळी घेऊन बसलेत, भावजी. तुमी घरी जा, मी निरोप धाडते."

"हिरू," गजाने तिला मधेच थांबवलं. नदीकडे जाणाऱ्या रस्त्याकडे तो जरा वेळ बघत राहिला. "पान्यांचा डबा घेऊन ये. हितंच बस."

"हितं?"

"हितंच."

तिने डबा आणला, पदर खोचला आणि ओट्यावर मांडी घातली. गजाने टॉवेल काढून खांद्यावर टाकला. बोटं मुडपलेला हात मांडीवर उघडा पडला. सहदेवने तो पाहिला आणि नजर खाली वळवली.

"काय होतंय ते सांग तिला," गजा म्हणाला.

सहदेवने सांगितलं, पण गजाकडेच बघून. "चालू होतो, गजाभाऊ. हळू चालतो बी. रेस दिली का बसतो."

"कार्बोरेटर. कचरा अडकला आसंल. उघड गं."

हिरूने कार्बोरेटरला हात लावला नाही. तिने कटर आडवा धरून दोरी ओढली. दोन-तीन हिसक्यांत इंजिन लागलं. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब तिने तळवा धरला आणि हळूहळू रेस वाढवली. इंजिन घुसमटलं आणि बंद पडलं.

"कार्बोरेटर नाय वाटत," ती म्हणाली.

पडवीत असं कधी झालं नव्हतं. तिला वेगळं वाटलं तरी तो स्वतःच खरा दोष ओळखेपर्यंत ती थांबायची. आज थांबायला वेळ नव्हता.

"मग काय?" गजाचा आवाज चढला.

"धूर भायेर येत नाय. हाताला नुसती फुंकर लागते. सायलेन्सर कोंडलाय."

"जल्मभर मशिनी उघडल्या मी..."

"तुमीच शिकवलंत ना," हिरू म्हणाली, "मशीनचं ऐकायच्या आदी आपण बोलायचं नाय म्हणून."

गजाने डाव्या हाताने पान्यांचा डबा तिच्याकडे सरकवला.

तिने फडक्याने धरून गरम सायलेन्सरचे बोल्ट सैल केले, तो उतरवून बाजूला ठेवला आणि पुन्हा दोरी ओढली. असा आवाज फुटला की शेजारच्या पत्र्यावरचे कावळे उडाले. सहदेवने कानांत बोटं घातली. हिरूने रेस दिली. इंजिन बसलं नाही, उलट आणखी चढलं. तिने ते लगेच बंद केलं.

मग तिने सायलेन्सर दगडावर आपटला. काळ्या खपल्या पडल्या. आतली जाळी काजळीने पार लिंपून गेली होती. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ती खरवडत असताना तिने वर न बघता विचारलं, "पेट्रोलमधी ऑइल किती घालता, भावजी?"

"अंदाजानं. जरा जास्तीच. म्हटलं, मशीनला बरं."

"जास्ती नका घालू. मायेनं गुदमरतोय बिचारा."

सगळं जोडून तिने शेवटची दोरी ओढली. या वेळी आवाज एकसारखा, स्वच्छ आला. रेस दिली, सोडली, परत दिली. गजा डोळे मिटून ऐकत होता. त्याची मान आपोआप हलली, चांगला अभंग ऐकताना हलावी तशी.

सहदेव उठला. "मानलं, गजाभाऊ! हात गेला, तरी डोकं तुमचंच चाललं."

"माझं डोकं कार्बोरेटर म्हणत व्हतं," गजा म्हणाला. "ऐकलंस ना तू?"

सहदेवने कटर खांद्याला लावला, हिरूकडे वळला आणि म्हणाला, "येतो, वैनी." थोड्या वेळाने नदीच्या बाजूने कटरचा आवाज येऊ लागला. कुठे न अडखळता तो घाटाकडे सरकत होता. ओट्यावरच्या खपल्या झाडून, काळे झालेले हात घेऊन हिरू मोरीकडे गेली.

तेवढ्यात विलास फवारणीचा पंप पाठीला लावून कुंपणापाशी आला. त्याने रस्त्यावरूनच हाक मारली, "गजाभाऊ, हाय का घरात? पंप दाखवायचा व्हता."

गजाने खुर्चीतच पाठ ताठ केली. दोन घरं पलीकडेही जावा एवढ्या मोठ्या आवाजात त्याने उत्तर दिलं, "ये, बस. मेस्त्री हात धुवायला गेलीय, येतेच आता."