दगडाचं अंडं

संग्रहालयात प्रशिक्षणाला आलेल्या विज्ञानशिक्षकांच्या कानामागची उत्तरपट्टी दारातच बंद करण्यात आली. प्रशिक्षक देवस्थळीबाईंनी हेमलता गेडाम यांच्या ओंजळीत डायनासोरचं दगड झालेलं अंडं ठेवलं.

“वर्गात मुलं प्रश्नच विचारत नाहीत, अशी तुमची तक्रार होती ना मॅडम? मग आज तुम्ही विचारा. काहीही चालेल.”

हेमलताबाईंनी अंडं फिरवून पाहिलं. ते गार होतं आणि दिसत होतं त्याहून जड. एरवी प्रश्न पडायच्या आतच पट्टी उत्तर सांगून टाकायची. आता डोक्यात काहीच येईना.

बऱ्याच वेळाने हेमलताबाईंनी एक हात वर केला. देवस्थळीबाईंचा चेहरा उजळला.

“विचारा ना.”

“पट्टी परत कधी सुरू होईल?”