सरकारी हातोडा

आलापल्लीचा वनरक्षक लटारू बायकोला घेऊन अहेरीच्या डॉक्टरांकडे आला. सुगंधाबाई स्टुलावर गप्प बसली. सगळं तोच सांगत होता.

"हिची छाती धडधडते, साहेब. दरदरून घाम सुटते. आता मरतेच, असं वाटते हिले."

डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली. ठोके संथ होते.

"हे कधीपासून?"

"कटाईवर वाघानं चौकीदाराले नेलं, तेव्हापासून. तोडाच्या सागावर खुणेचा सरकारी हातोडा माराले हात उचलला का हातच सुन्न पडते."

"सागावर हातोडा बाई मारतात?"

लटारू मांडीवरच्या खाकी टोपीकडे बघत राहिला.

डॉक्टरांनी कानातली नळी काढली. "ही मनाला बसलेली भीती आहे, लटारूभाऊ. औषधानं बरी होते. नागपूरच्या मनाच्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो. नाव कोणाचं लिहू?"

लटारूनं बायकोकडे पाहिलं.

"माझंच लिहा, साहेब," सुगंधाबाई पहिल्यांदा बोलली. "नागपूरले ह्यायले मी घेऊन जाईन. पागल मीच झाली, असं गावात सांगून आली हाये."