दहावा मणी

बेथलेहेमहून निघताना मी बसमध्ये नेहमीसारखी रोझरीची जपमाळ सुरू केली. वसईच्या आमच्या पॅरिशची दहा तरुण मुलं यात्रेला घेऊन आलो होतो आणि फेऱ्यातले मणीही दहाच. पुढच्या सीटपासून मागेपर्यंत प्रत्येकाने एका मण्याला एक ‘नमो मरिया’ प्रार्थना म्हणायची. फेरा पुरा झाला की पोरं वेगळी मोजावी लागत नसत.

आज नऊ मण्यांनंतर आवाज थांबला. मागच्या सीटवर विल्बरची टोपी होती, विल्बर नव्हता. त्याची बॅगही नव्हती. हे बाकीच्यांना ठाऊक असावं, कारण कोणी माझ्याकडे बघेना. दहाही जण परत येतील, असं लिहून व्हिसासाठी मी सही दिली होती.

बसमधून उतरून मी वसईला त्याच्या आईला फोन लावला. विल्बर नाहीसा झाल्याचं सांगितलं. ती घाबरली नाही.

“सर, काल माझी चिठ्ठी ठेवलीत ना गव्हाणीपाशी?”

येशूच्या जन्मस्थानी ठेवायला दहाही आयांनी चिठ्ठ्या दिल्या होत्या. मी एकही उघडली नव्हती. दुसऱ्याचं मागणं वाचायचं नसतं.

“ठेवली.”

“त्यात हेच मागितलं होतं. पोराला तिकडेच काम मिळू दे, माघारी येऊ नको देऊ. आता त्याला शोधू नका सर, हात जोडते.”

मी बसमध्ये चढलो. पोरांकडे बघवेना, म्हणून डोळे मिटून रोझरी पहिल्यापासून सुरू केली.

या वेळी आवाज सात मण्यांनंतरच थांबला. डोळे उघडले, तर आणखी दोन सीट रिकाम्या होत्या.