घसरलेला भाग

एकतिसावा फोन ठेवून तिनं वहीत आकडा लिहिला. आता तिच्या स्वतःच्या भागातल्या नऊ घरांची भाडी तेवढी मिळायची राहिली होती.

शहराच्या बावीस भागांत दोन खोल्यांच्या घराला किती भाडं पडतं, ते दर वर्षी काढून वर्तमानपत्रांना पुरवणं हे तिच्या ऑफिसचं एक काम होतं. एका भागाला चाळीस घरं. त्यासाठी एजंटांना फोन करायचे, रखवालदारांशी गप्पा मारायच्या, जिने चढायचे. अकरा वर्षं ती हेच करत होती. ऑफिसात तिला सगळे सरासरीबाई म्हणत आणि तीही त्या हाकेला ओ देई.

यंदा नदीपलीकडचा भाग आठ टक्क्यांनी चढला होता, स्टेशनामागचा पाचनं. तिच्या भागात नवा पूल झाल्यापासून भाड्यांना नुसते पंख फुटले होते. हातातल्या एकतीस घरांची सरासरी तिनं काढून पाहिली. बारा टक्के वाढ.

ती वही मिटून बसून राहिली.

तिचे घरमालक खालच्या मजल्यावर एकटेच राहत. पूर्वी ते शाळेत गणित शिकवायचे. दर वर्षी अहवाल छापून आला की ते कात्रण घेऊन वर येत, चहा घेत आणि छापलेत तेवढेच टक्के भाडं वाढवत. एजंट काहीही फेकतात, आपण छापील आकडा मानतो, असं त्यांचं म्हणणं. माणूस सरळ, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. गेल्या वर्षीची वाढ तिनं शिलाई मशीन विकून निभावली. यंदा विकण्यासारखं काही उरलं नव्हतं. बारा टक्के म्हणजे घर सोडायचं.

आणि घर सोडणं शक्य नव्हतं, कारण घरात आई होती.

सहा वर्षांपूर्वी आईची दृष्टी गेली. तरी ती सकाळी उठून स्वतः चहा टाकायची. पलंगापासून ओट्यापर्यंत नऊ पावलं, डावीकडे साखर, उजवीकडे चहाची भुकटी. जिना उतरून ती मालकांकडे पेपर ऐकायलाही जायची, कठड्याला हात न लावता. मध्ये एकदा मावशीकडे चार दिवस राहायला गेली, तर दुसऱ्याच दिवशी उंबऱ्याला अडखळून मनगट मोडून घेतलं. परत आल्यावर हाताला प्लास्टर असताना ती लेकीला म्हणाली होती, "डोळे गेल्याचं मला तसं काही वाटत नाही गं. या घरात मला दिसतं."

उरलेल्या नऊ घरांसाठी तिनं फोन केले नाहीत. ती पायी निघाली. पुलाजवळचे उंच मनोरे टाळून मागच्या गल्लीतल्या जुन्या घरांत गेली. वीस-वीस वर्षं तिथेच राहणारे भाडेकरू, ओल आलेल्या भिंती, पाणी न चढणारे मजले. नऊच्या जागी तिनं तेवीस घरं गाठली. मग आधीच्या एकतीसमधली मनोऱ्यांतली चौदा घरं काढून टाकली. चाळीसचे चाळीस झाले. एकही आकडा खोटा नव्हता. फक्त कुठले घ्यायचे ते तिनं ठरवलं होतं.

तीन टक्के घट.

साहेबांनी कागदावरून बोट फिरवलं आणि तिथेच थांबवलं. बाकीचे एकवीस भाग चढतायत आणि हा एकटा घसरतो कसा, असं विचारलं. पुलावरचा आवाज आणि धूळ, लोक कंटाळलेत, असं तिनं सांगितलं. अकरा वर्षांत तिचा एकही आकडा परत आला नव्हता. साहेबांनी सही केली. तिला मात्र त्या दिवशी डबा गेला नाही.

अहवाल रविवारी छापून आला. यंदा मालक आठवडाभरानं, पुढच्या रविवारी सकाळी दहाला वर आले, हातात कात्रण होतंच. आईनं पावलं ओळखून आधीच आधण ठेवलं होतं. लेक त्यांच्यासमोर बसली. यंदा मालकांनी वाढ मागितली नाही. उलट म्हणाले, तुमचं भाडं तीन टक्क्यांनी कमी करायला हवं, हिशेब दोन्हीकडून सारखाच लागू. आई हसली. लेकीनंही कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

मग मालकांनी कप खाली ठेवला. तीन वर्षं एक बिल्डर या इमारतीच्या मागे लागलाय, हे त्यांनी प्रथमच सांगितलं. भाडी चढतायत तोवर हे घरच माझं पेन्शन, म्हणून ते त्याला परत पाठवत होते. आता भागच उतरणीला लागला. या वयात आणखी घसरण्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. बिल्डरनंही तेच कात्रण दाखवून भाव बराच पाडला, तरी देऊन टाकलं. तीन महिन्यांत इमारत रिकामी करून द्यायची होती. ते स्वतः पुतण्याकडे जाणार होते.

आईनं साखरेच्या डब्यावर ठेवलेला हात काढला नाही.

"सर," लेक म्हणाली, आणि तिला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला, "घाई केलीत. कुणाला विचारायचं तरी."

"विचारलं ना. दोन एजंटांना विचारलं. दोघंही म्हणाले, हा आकडा चुकलाय, इथली भाडी चढतायत, विकू नका," मालक म्हणाले. "मी म्हटलं, आकडा आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीनं काढलाय. तुमच्यापेक्षा माझा तिच्यावर जास्त विश्वास आहे."