शेवटच्या गाण्यातलं अकॉर्डियन

सुनेचा पहिला अल्बम संध्याकाळी इंटरनेटवर झळकणार होता. ठेके तिने कॉम्प्युटरवर रचले होते आणि त्यांत मिक्सरची घरघर, जिन्यातली पावलं असे घरचेच आवाज मिसळले होते. पण शेवटच्या गाण्यात अकॉर्डियन वाजवणाऱ्या मित्राने ऐन वेळी दांडी मारली. वाद्य तेवढं खोलीत पडून होतं. ती रडकुंडीला आली, तेव्हा सासूबाईंनी ते सरळ गळ्यात अडकवलं.

"ठेका लाव गं. लग्नाआधी बँडमध्ये होते मी."

सुनेने रेकॉर्डिंग सुरू केलं आणि सासूबाईंची बोटं अशी धावली की तिच्या अंगावर काटा आला. इतक्यात सासूबाईंचा मुलगा दार ढकलून आत आला आणि ओरडलाच, "आई, तू?"

"घातलास घोळ! आता पुन्हा वाजवते," सासूबाई म्हणाल्या.

"छे हो, पुन्हा कशाला?" सून टाळ्या पिटत म्हणाली.

संध्याकाळी अल्बम आला. शेवटचं गाणं सुरूच होत होतं तिच्या नवऱ्याच्या "आई, तू?"ने.